ड्रॉइंग नंबर

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत,
लेथवर चढवली ती रिंग.
ड्रॉइंगवर नाव नाही, नुसता आकडा.
चूक चालेल दोन मायक्रॉन,
केसाच्या तिसाव्या भागाइतकी.

तपासनीस विशाखापट्टणमहून आला,
चहा घेतला, कुंदा नको म्हणाला.
"पाणबुडीच्या अणुभट्टीत बसतंय न्हवं हे?"
भरमाण्णानं सरळच विचारलं.
तो मायक्रोमीटर पुसत राहिला,
पुसलेलाच.

रात्री येळ्ळूरला, पोरगी मांडीवर:
"आज काय केलास, बाबा?"
गोल केलो, म्हटलं.
"आत काय असतंय?"

राजहंसगडावरून एक विमान सांबऱ्याकडं उतरत होतं,
पोटात काय, त्याचं त्याला ठाऊक.
अंगठ्याला बोट जुळवून
मी नुसती पोकळी दाखवली.
तिनं त्यातूनच माझ्याकडं बघितलं,
एक डोळा मिटून.