मधला माणूस

सोहारच्या बंदरात रात्री सव्वादोनला
कुणीतरी आमच्या एक्स्चेंजचं दार ढकलून पाहतं.
१००१, १००२, १००३…
पासवर्ड सगळे चुकीचे. मी पत्ता अडवते,
तो दुसऱ्या पत्त्यावरून येतो.
बाहेर क्रेन, काचेला चिकटलेला दमट वारा.

चारला शांत होतं. मग आबांना फोन, गुहागरला.
ते उठलेलेच असतात.
पडद्यावर चार आकडे येतात,
दोन्हीकडे तेच हवेत;
वेगळे आले तर मध्ये कुणी बसलंय.

"वाचा."
"थांब, चष्मा… सात. शून्य. चार. नऊ."
"जुळले."

"मध्ये कोण बसणार गं?" हसताना खोकला येतो त्यांना.
"चिपळूणच्या ट्रंक बोर्डावर तेवीस वर्षं मीच बसलो होतो.
कानाला हेडफोन, हातात दोरी.
खेर्डीची एक बाई दोहाला नवऱ्याशी भांडायची.
तो का येत नाही, तिच्याआधी मला कळलं."

"मग?"
"मग काय. बाजारात दिसली की
मी भाजीकडे बघायचो."

रॅकवरचे हिरवे दिवे लुकलुकतात.
लाइनीवर तिसरं कुणी नाही, मी तपासलंय.
तरी सवयीनं, आवाज बदलून, ते मध्येच विचारतात:
"तीन मिनिटं झाली. वाढवू?"