टिचकी

भट्टीतनं निघालेलं कौल
इनास नखानं वाजवून बघायचा.
नीट भाजलेलं असलं की बोलायचं, टण्ण.
चीर गेली असली की खोकायचं.
खानापुरात कौलं करणारे पुष्कळ,
कौलाचं ऐकणारा तो एकटा.

त्याची पोर क्लेमेंतीन. आम्ही क्लेमी म्हणायचो.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आठ कौलं,
आणि चालता चालता बापाच्या टिचकीला उत्तर द्यायची,
तोच सूर, नेमका तोच,
मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा,
जिथं भट्टीवरची कबुतरं उठायची
आणि कानडी मुकादम ओरडायचा, साकु, साकु!

चर्चमधल्या मंगळूरच्या सिस्टरनं ते ऐकलं.
पोरीला बेळगावला कॅम्पात नेलं, तिथनं मडगावला,
तिथनं पुढं कुठं कुठं, नावं माझ्या तोंडात बसत नाहीत.
मला निपाणीला दिली. तंबाखूच्या वखारीत
मी शिंकत शिंकत तिची पत्रं वाचायची.
शाळेतलं मराठी, वेलांट्या तशाच चुकलेल्या.

'शेवंते, इथल्या नाटकात कुणी बोलतच नाही.
मीठ दे म्हणायचं तरी गाऊन.
माइक नाही बघ. साठ-सत्तर वाजवणारे,
त्यांच्यावरनं आवाज शेवटच्या बाकावर टाकायचा.
मी डोळे मिटते, आणि मलप्रभेच्या पलीकडं
गाढवं हाकणाऱ्या तुझ्या आज्याला हाक मारते.'

नऊ वर्षं मोलकरीण. चिठ्ठी आणून देणारी.
लग्नाच्या घोळक्यात डावीकडनं तिसरी.
मग एका रात्री मोठ्या बाईचा घसा बसला.
त्याबद्दल पत्रात एकच ओळ:
'काल मेले. लोक उभे राहिले.'

त्यानंतर ती मरतच राहिली.
क्षयानं, विषानं, सुरीनं, एकदा पाण्यात.
सोप्रानोला दुसरं कामच नसतं, म्हणायची.
इनास गेला तेव्हा ती आली नाही.
महिन्यानं लिहिलं,
'त्या रात्री प्रयोग होता. मी छान मेले.
खरं मरणाऱ्याला पाणीसुद्धा मागता येत नाही ना गं?
तू होतीस का जवळ?'
मी नव्हते. तसं कळवलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत आली.
घशातली गाठ काढलेली, आवाज बोलण्यापुरता.
बेळगावात सत्कार झाला.
एक म्हणाला, आमच्या मराठी मातीची लेक.
दुसरा उठला, नम्म मगळु म्हणाला, जरा जास्तच जोरात.
ही मधे, मांडीवर नारळ घेऊन.
पेपरवाल्यानं विचारलं, बाई, तुमची भाषा कुठली?
म्हणाली, घरात कोंकणी, भट्टीवर कानडी, शाळेत मराठी,
पोट भरलं इटालियननं.
आता डॉक्टर म्हणतो गप्प बसा.
ती कुणाची ते तुम्ही ठरवा.

नवरा गेल्यावर मीही माहेरी आलेली.
तिला खोली बांधायची होती, कौलं घ्यायला दोघी गेलो.
भट्टी एकच उरलीय.
चारशे कौलं, एकेक उचलून नखानं.
मालकाचा पोरगा मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणाला,
मशीनची आहेत मावशी, सगळी सारखी.
तिनं सात बाजूला काढली.

मग एक वाजवलं. थांबली. परत वाजवलं.
तिचे ओठ उघडले.
माझी नजर सवयीनं वर गेली. वर आता पत्रा.
सूर आला नाही. श्वास आला,
लांब, जराही न हलणारा,
तो सूर असता तेवढाच लांब.
'हे चांगलंय की,' म्हणाली. 'टेम्पोत ठेव.'

सात फुटकी पोरानं फुकट दिली.
चार मी चुलीभोवती लावली.
तिनांचं काय झालं ठाऊक नाही.