अंक तेविसावा

अंक छापखान्यात अडकलाय.
भुसावळात सकाळपासून वीज नाही,
पायाचं यंत्र आहे, पण बाबूलालचा गुडघा धरलाय.
तोवर मी वाचकांची पत्रं तारखेनं लावतो,
मग तारखा सोडून देतो.

एकशे बारा वर्गणीदार.
मुखपृष्ठावर दर तिमाहीला तेच: दोन नळ्या, शेजारी शेजारी,
नव्या जोडप्याच्या फोटोसारख्या ताठ.

फैजपूरचे तोताराम फेगडे लिहितात:
नक्षी मोठी छापा. कळीवरची तितरांची जोडी
मागच्या अंकात कोंबड्यांसारखी दिसली.
खरं आहे. ब्लॉक झिजला होता.
पाकिटावर केळीच्या चिकाचा तपकिरी डाग,
सही नसती तरी ओळखलं असतं.

धरणगावचा एक जण नाव देत नाही.
पोस्टकार्डावर एकच ओळ:
'घोडे बाहेरचे, नळीला जौहर, दस्ता अक्रोडाचा. काय येतील?'
मी आकडा कळवतो. तो विकत नाही.
पुढच्या तिमाहीला पुन्हा विचारतो,
घरातल्या आजाऱ्याचा ताप बघावा तसा.

सारंगखेड्याहून सूरजकुंवर गिरासे:
'निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा केली.
निकाल लागून चार महिने झाले.
तिथं माळ्यावर तिला तेल कोण लावत असेल?
हवालदाराला विचारलं, तो हसला.
तुम्ही छापा: कोणतं तेल, किती थेंब, कसलं फडकं.
कात्रण मी त्याला नेऊन देईन.'
छापतो, बाई. पान सात, चौकटीत.

शिकारीची गोष्ट कुणालाच नको.
एकदा छापली, सातपुड्यातल्या बिबट्याची, तीन पानी,
अकरा जणांनी वर्गणी थांबवली.
एकानं लिहिलं: ते झालं. पाप म्हणा, काळ म्हणा.
आम्हाला ती मिटतानाचा आवाज लिहून द्या.
मी तीन रात्री बसलो.
'खट्' लिहिलं, खोडलं. 'टक्' लिहिलं,
तेही डब्याचं झाकण वाटलं.
शेवटी धुळ्याला, पाचव्या गल्लीत, इस्माईल मिस्त्रीकडे गेलो.
त्यानं मला डोळे मिटायला लावले,
कानाशी बंदूक मिटली,
म्हणाला, आता लिहा.
अंकात त्या जागी मी दोन इंच कोरे सोडले.
एकही तक्रार आली नाही.

निंबा भिलाचं पत्र मास्तरांच्या अक्षरात.
तो वर्गणीदार नाही. मालकाची दुनळी
पस्तीस वर्षं त्यानं खांद्यावर वाहिली,
बार एकदाही काढला नाही.
'बंदूक मनी नही. वजन मनं शे.
तुम्ही समदं छापतस, नंबर, कंपनी, मालकनं नाव.
वजन छापा. काटावरलं नही,
अनेरना काठ चढताना कितलं व्हस, ते.'
त्याला अंक फुकट सुरू केला.
मास्तर कळवतात, तो चित्रं बघत नाही,
तळहातावर ठेवून तोलतो
आणि म्हणतो, हलकं शे.

माझ्याकडे बंदूक आहे का, हे कुणी विचारलेलं नाही.
जळगावच्या कचेरीत परवान्यांच्या टेबलावर
सत्तावीस वर्षं शिक्के मारले.
बंदुका कागदावरच ओळखीच्या झाल्या,
पोस्टमनला जशी माणसं.
बार म्हणाल तर लग्नातला ऐकलाय, लांबून.

मिस्त्री निघताना म्हणाला होता:
या दोघी सरळ जातात असं वाटतं, साहेब, जात नाहीत.
आत किंचित झुकवून जोडलेल्या असतात.
चाळीस पावलांवर दोघींची नजर एका जागी पडते.
आणि पुढे?
पुढे एकमेकींना ओलांडून जातात.
हे मी अजून छापलेलं नाही.
अंक चोविसावा, पंचविसावा, बघू.

वीज आली असावी. बाबूलालच्या पोराचा फोन:
पान सातची चौकट जराशी तिरकी बसलीय, चालेल का?
नाही, म्हटलं. उघड, सरळ कर.
ते पान ठाण्याच्या भिंतीवर लागायचंय.