गाळी

हुक्केरीच्या माळावर सतरा नंबरचा टॉवर.
आतून शिडी, ऐंशी मीटर.
सातेरी चढतो, कमरेचा हुक रुळावर खरखरतो,
आणि खालून नेमगोंडा वॉकीटॉकीवर विचारतो,
"गाळी ह्यांगैती?"
"सहा."
"सहा काय?"
"मीटर, सेकंदाला. मग काय, शेर?"

कानडीत वाऱ्याला गाळी म्हणतात.
सातेरीची आई आजऱ्याची, तिला ठाऊक नव्हतं.
शेजारीण अंगणातून ओरडली, "गाळी बंतु!"
आणि नवी नवरी वाळवण तसंच सोडून
पदर खोचून भांडायला निघाली.

वर डबा, टेम्पोएवढा.
पाती मिनिटाला पंधरा फेरे घेतात, रेंगाळत.
गिअरबॉक्स त्यांचे पंधराशे करतो,
मग तांब्याच्या वेटोळ्यांत चुंबक गरगरतो,
शिवत नाही कशाला.
न शिवता वीज होते.
सातेरीला हे बारावीत पटलं नव्हतं,
अजूनही पुरतं पटलेलं नाही.
ग्रीस मात्र तो वेळेवर भरतो.

लोकांना वाटतं, वारा पात्याला ढकलतो.
तसं नाही. पात्याची पाठ फुगीर,
तिच्यावरून वारा घाईनं जातो, दाब ओसरतो,
आणि पातं तिकडं ओढलं जातं,
हायवेवर उसाचा ट्रक शेजारून गेला की
सायकल आत ओढली जाते तसं.

एवढं धूड, पण वाऱ्याकडं तोंड केल्याशिवाय
काही करत नाही.
मान वळवायलाच चार मोटारी.
वादळात पाती कड फिरवून
अंग चोरून उभी.

शाळेच्या गच्चीवर दुसरं एक आहे.
भोजे सरांनी ऑइलचं पिंप उभं चिरलं,
दोन्ही फाका उलटसुलट जोडल्या खांबाला.
आंबोलीकडून येवो, घटप्रभेकडून येवो,
ते फिरतं. कुठून आलास विचारत नाही.
जोरही नाही फारसा. एक बल्ब, तोही मिणमिण.
पोरं त्याला येडं म्हणतात.

संध्याकाळी सातेरी खाली उतरतो, ब्रेक सोडतो.
पहिलं पातं हलायला वेळ लावतं,
जांभई दिल्यासारखं.
तेहतीस हजार व्होल्ट गावावरून
संकेश्वरच्या सबस्टेशनला निघतात,
आणि गावातली लाईट जाते. रोजची वेळ.

अंधारात गच्चीवर पिवळा ठिपका,
कमी, जास्त, कमी.
नेमगोंडा बिडी शिलगावतो, तीन काड्या विझतात.
"गाळी," तो म्हणतो.
या वेळी मात्र ती शिवीच असते.