हसरा चेहरा

तो चेहरा मीच काढला होता.
एक गोल, दोन ठिपके, खाली एक वाकवलेली रेघ.
वीजबिलाच्या उजव्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत,
आणि बाजूला एक वाक्य :
'तुमच्या शेजाऱ्यांपेक्षा तुम्ही कमी वीज वापरलीत.'

शास्त्र म्हणाल तर एवढंच.
माणसाला बर्फ वितळतंय म्हणून सांगा,
तो मान डोलावतो आणि दिवा तसाच ठेवून झोपतो.
चार लोक काय म्हणतील, एवढं नुसतं सुचवा,
उठून बटण बंद करतो.
आठ वर्षं त्याच चार लोकांवर माझं पोट चाललंय.

कुओपिओत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं.
सहा हजार घरांत माझा चेहरा गेला
आणि आकडे उतरले, खरंच उतरले,
ऑफिसात त्या दिवशी दालचिनीचे पाव वाटले.

मग एक पाकीट आलं.
आत आमचंच बिल, परत केलेलं,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं, शाळामास्तरी अक्षरात :

'सप्टेंबरात हिल्का गेली.
शनिवारी सॉना तापायचा, तो तापत नाही.
तिचा रेडिओ बंद. कॉफी एकच कप.
वरची खोली थंड ठेवतो, तिथं जायचंय कुणाला.
तुम्ही हसलात.
कशाला, ते कळवावं.
ताउनो युलिकांगास.'

मी उत्तराचे तीन मसुदे केले.
तिन्हींत 'सरासरी' हा शब्द आला.

शेवटी बसनं गेले.
एका रांगेत सहा घरं, सहा सॉना,
शनिवारी सहाही एकाच वेळी तापणारे,
आत कुठे एक माणूस, कुठे दोन.
म्हातारा फारसं बोलला नाही.
फडताळातून दुसरा कप काढला,
फुंकून धूळ उडवली, मग धुतला.
मी हे मोजलं. मोजायची खोडच आहे मला.

जानेवारीत शेजारच्या सायमीचा हीटर जळाला.
उणे चोवीसात ती खांद्यावर टॉवेल टाकून त्याच्या दारात.
पुढच्या शनिवारी पलीकडचे दोघे भाऊ.
मग कोपऱ्यावरची नर्स, तिचा मुलगा, मुलाचा मित्र.
यातलं काहीही मी सुचवलेलं नाही.

फेब्रुवारीत पाच घरांचे आकडे कोसळले.
ताउनोचा चढला.
यंत्रानं त्याच्या बिलावर ओठ आवळलेला चेहरा छापला :
'तुम्ही शेजाऱ्यांपेक्षा जास्त वीज वापरलीत.'
माझ्या तक्त्यात घरं होती,
रांगेसाठी रकानाच नव्हता.

तेही बिल त्यानं परत धाडलं.
मागे एकच ओळ :
'शेजारी आत बसलेत, त्यांनाच विचारा.'

त्या चेहऱ्याचं काय करायचं, अजून ठरत नाही.
शनिवारची बस सव्वाचारला सुटते.
टॉवेल आपापला आणायचा,
असं सायमीनं बजावलंय.