चारशे एकाहत्तर

नेरूळ, सेक्टर वीस, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सवाला.
एकोणीस वर्षं मी इथे डोळे मोजते
आणि रोज कुणीतरी विचारतंच,
मॅडम, मग तुमचा चष्मा का अजून?
कधी सांगते डोळे कोरडे, कधी सांगते वय,
कधी नुसतीच हसते.

हनुवटी इथे. कपाळ पट्टीला टेकव.
हिरव्या ठिपक्याकडे बघ.
सारसोळ्याची हर्षदा तांडेल, बावीस,
दोन आठवडे लेन्स लावल्या नाहीत, सांगितलं होतं तसं.
नंबर उणे साडेपाच.
वर्षात पाऊण वाढला, हे तिनं कागदावर लिहिलं नव्हतं,
जुन्या चष्म्यानं सांगितलं.
पिशवीत भरतीचा फॉर्म.

बाकावर बसून तिनं सगळं वाचलेलं:
एकात झाकण उचलतात, वहीचं पान उलटावं तसं,
एकात वरचं साल पुसून काढतात, मग चार दिवस डोळा झोंबतो,
एकात बारीकशा फटीतून
चकती ओढून घेतात, ताडगोळ्याच्या सालीएवढी पातळ.
‘मला फटीवालीच हवी,’ म्हणाली,
बांगड्या भरायला बसल्यासारखी.

पडद्यावर नकाशा उमटला.
हिरवं, पिवळं,
आणि खाली, कानाच्या बाजूला,
एक लालसर डाग, पिकत आलेला.
पारपटलाची जाडी चारशे एकाहत्तर मायक्रॉन.
पुन्हा मोजली. चारशे अडुसष्ट.
पुन्हा. एकाहत्तर.
यंत्रावर रुसून चालत नाही.

‘डोळे चोळतेस?’
‘सुकट निवडताना खाज येते. आमच्यात सगळेच चोळतात.’

डॉक्टर म्हणाले, लेझर नाही. कुठलंच नाही.
आधी बघू, बुबुळाचा शंकू होऊ घातलाय का.
सहा महिन्यांनी या. चोळणं आजपासून बंद.
‘आणि आत बसवतात ती लेन्स?’
‘तेही नंतर.’
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू आकडा मी लिहिला म्हणजे मीच ठरवला.

वडील दाराशी, चपला हातात.
‘बाय, जालां इरलां असंल तं ताणाचा नाय,’
एवढंच बोलले.
‘कळलं मला,’ ती तोंड फिरवून.

थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या,
बाहेर मार्चचं ऊन.
जिन्यावर तिनं त्यांचा हात धरला नाही,
कठडा चाचपत उतरली,
फाइल त्यांच्या काखेत.

पुढचा मुलगा घणसोलीचा. उणे तीन,
तीन वर्षं नंबर तिथंच,
जाडी पाचशे चव्वेचाळीस, नकाशा कोरा करकरीत.
सगळं कसं बसतंय.
त्याला मी उगाचच
जरा रागावून म्हटलं,
हनुवटी इथे.