कातरण

पहाटे चारला साचा तापत ठेवते.
दोन लोखंडी तवे, एक बिजागरी,
वरच्या तव्यात कोरलेला क्रूस;
त्याचा डावा हात झिजलाय
माझ्याही आधीच्या कुणाच्या तरी घासण्याने.
गव्हाचं पीठ, पाणी, धिरड्याइतकं सरसरीत.
मीठ नाही, खमीर नाही, तेलाचा थेंब नाही.
आई म्हणायची, असं बेचव कुणी रांधतं का गं?

हरेगावहून आले तेव्हा एकोणीसची होते.
वाटलं होतं, आफ्रिकेला पाठवतील,
निदान डांगच्या रानात,
चालून चालून पाय फुटतील,
एखादा पवित्र ताप येईल.
मदर जसिंतांनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले.
म्हणाल्या, तुला घाम येत नाही हातांना.
तू होस्तिया कर.

एवढंच माझं पाचारण.
ना आकाशातून हाक, ना स्वप्नात देवदूत.
कोरडे हात.

जेवताना संतचरित्र मोठ्याने वाचतात.
कुणाला सिंहापुढे टाकलेलं, कुणाला चाकाला बांधलेलं,
आम्ही खाली मान घालून शेपूची भाजी.
दहा ऑगस्टला सगळ्या माझ्याकडे बघून हसतात:
संत लॉरेन्स, जाळीवर भाजताना म्हणाला म्हणे,
ही बाजू झाली, आता उलटा मला.
माझ्या अंगठ्यावर साच्याचे डाग आहेत.
प्रत्येक वेळी मी
"आई गं" एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा.
वसईच्या, गोव्याच्या गाड्या,
नाशिकरोडला टेकायला जागा नसते.
रात्रभर कापते. वीज गेली की
अंधारात बसून जपमाळेचा एक दशक, दुसरा,
तिसऱ्यात डुलकी.
पलीकडे प्रेसचा भोंगा.
तिथे म्हणे एक नोट कमी भरली
तर अख्खी पाळी अडकून पडते.
माझं कुणी मोजत नाही.
डब्यावर लिहिते, अंदाजे पाच हजार.

गोल निघाले की उरते कातरण:
कडा, त्रिकोण, अर्धामुर्धा क्रूस.
ती पिशवीत भरून फाटकाशी नेते.
त्रिभुवनांचा एलिया शाळेच्या आधी येतो,
दप्तर पाठीवर, खिसा उघडा.
"सिस्टर, यात देव असतो?"
नाही रे. अजून नाही.
"मग गोलात?"
त्यातही अजून नाही.
थोडा वेळ नुसता कुरकुर आवाज.
"म्हणजे तुमचं काम देवाच्या आधीचं."
आणि आणखी मूठभर मागितली.

आई सिव्हिलमध्ये होती, शेवटच्या खाटेवर.
घोट उतरत नव्हता.
फादर रुग्णाभ्यंग देऊन
होस्तियाचा चतकोर चमच्यात पाण्यावर ठेवून थांबले.
मी वाकून पाहिलं,
झिजलेला डावा हात.
माझ्याच साच्यातली.
ख्रिस्ताचं शरीर, फादर म्हणाले.
आमेन म्हणायच्या आधी तिने ओठ हलवले,
मला वाटलं प्रार्थना.
"मीठ नाही," म्हणाली,
आणि गिळली.

साचा तापलाय बहुतेक.
ओल्या बोटाने एक थेंब टाकते,
तो नाचत कडेपर्यंत गेला
की घोळ ओतायचा.